किडनीचा आजार आणि ताठरतेची गोळी: आधी औषधांची पिशवी रिकामी करा

संध्याकाळची गर्दी ओसरली की काउंटरच्या कडेला एखादे गृहस्थ रेंगाळतात. आधी खोकल्याचं औषध मागतात, मग आवाज उतरवून म्हणतात, "ती पण एक द्या. शंभर मिग्रॅची." पैसे काढताना बाही वर सरकते आणि हातावरची फिस्टुलाची (डायलिसिसची सुई लावण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेली) फुगलेली शीर दिसते. माझं औषधांचं दुकान डायलिसिस सेंटरपासून चालत पाच मिनिटांवर आहे, त्यामुळे हा प्रसंग मला नवा नाही. चूकही ठरलेली. गोळी कोणती आणि किती मिग्रॅची, एवढाच विचार झालेला असतो. घरातल्या पिशवीतल्या दहा-बारा गोळ्यांशी तिचं जमतं का, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

किडनीच्या रुग्णाला या गोळ्या सरसकट बंद आहेत असं नाही. डायलिसिसवरचे आणि किडनी बदललेलेही त्या घेतात. पण त्यासाठी एक क्रम आहे आणि लोक तो उलटा करतात: आधी गोळी, मग चक्कर, मग डॉक्टर. पुढचे टप्पे डॉक्टरांकडे जाण्याची तयारी म्हणून वापरा. डोस ठरवणं तुमचं काम नाही आणि माझंही नाही.

## टप्पा १: पिशवी टेबलावर ओता

आठवून यादी करू नका. किडनीच्या रुग्णाला आपली औषधं "सकाळची पांढरी, दुपारची मोठी, रात्रीची अर्धी" अशीच लक्षात असतात. पिशवी अक्षरशः ओता. फ्रिजच्या दारातलं, देवघराशेजारच्या डब्यातलं, ऑफिसच्या बॅगेतलंही काढा. बहुतेक घरांत गोळ्यांचा हिशेब बायको ठेवते, म्हणून तिला सोबत बसवा. ती नसती तर निम्मी यादी झाली नसती, असं मला बऱ्याच जणांनी कबूल केलंय.

प्रत्येक औषधासमोर चार गोष्टी लिहा: पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं घटकाचं नाव, मिग्रॅ, घ्यायची वेळ आणि कोणत्या डॉक्टरांनी दिलं. ब्रँडचं नाव पुरत नाही. मलमं, स्प्रे, छातीला लावायच्या पट्ट्या, चूर्णं, काढे, भस्मं सगळं यादीत आलं पाहिजे. गेल्या महिन्याभरात घेऊन संपलेली औषधंही लिहा.

तपासा: दुकानदार पाच गोळ्या कापून देतो तेव्हा नाव बऱ्याचदा उरलेल्या पट्टीवर राहतं. नाव नसलेला तुकडा अंदाजाने ओळखू नका. बिल शोधा, नाहीतर तो तुकडा घेऊन दुकानात जा.

## टप्पा २: यादीत नायट्रेट आहे का ते शोधा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबू.

सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल, अवानाफिल, उडेनाफिल ही सगळी एकाच कुळातली औषधं. रक्तवाहिन्या सैल करणारं एक रसायन शरीरात मोडलं जातं, ते मोडणं या गोळ्या रोखतात. नायट्रेट, म्हणजे छातीत दुखण्यावरची हृदयाची औषधं, तेच रसायन भरमसाट वाढवतात. एकाने नळ पूर्ण उघडायचा आणि दुसऱ्याने मोरीला बोळा घालायचा, असा हा प्रकार. बीपी असं कोसळतं की माणूस बेशुद्ध पडतो, हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. इथे "कमी डोस घेऊन बघू" चालत नाही. नायट्रेट चालू असेल तर या कुळातली एकही गोळी घ्यायची नाही.

नायट्रेट म्हटलं की लोकांना जिभेखालची सॉर्बिट्रेट तेवढी आठवते. किडनीच्या रुग्णांत ते पुढच्या ठिकाणीही लपलेलं असतं:

- आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटची रोजची गोळी. ती इतकी वर्षं चालू असते की "ती हृदयाची, नेहमीचीच" म्हणून यादीतून सुटते.
- हायड्रॅलाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची जोडगोळी. किडनी कमजोर असल्याने हृदयाची नेहमीची काही औषधं देता येत नाहीत, तेव्हा ही दिली जाते. घरात मात्र तिची ओळख "बीपीची गोळी" अशीच असते.
- नायट्रोग्लिसरीनची छातीला चिकटवायची पट्टी किंवा तोंडात मारायचा स्प्रे.
- गुदद्वाराच्या चिरेवरचं नायट्रोग्लिसरीनचं मलम. लोहाच्या गोळ्या, कमी पाणी आणि फॉस्फरस कमी करणाऱ्या काही गोळ्या यांमुळे डायलिसिसच्या रुग्णाला बद्धकोष्ठ असतंच. त्यातून चीर पडते आणि सर्जन मलम देतात. हे मलम त्वचेतून रक्तात जातं. मी विचारल्याशिवाय आजवर एकानेही ते आपणहून सांगितलेलं नाही.
- निकोरॅन्डिल. नावात नायट्रेट नाही, काम मात्र तसंच. तेही बाद.

फुप्फुसाच्या रक्तदाबासाठी रिओसिग्वॅट चालू असेल तरीही ही गोळी चालत नाही.

सावधान: "आज सॉर्बिट्रेट घेतली नाही, म्हणजे आज ती गोळी चालेल" हा हिशेब करू नका. खिशात सॉर्बिट्रेट बाळगणाऱ्याला छातीत दुखू शकतं म्हणूनच ती दिलेली असते, आणि ते नेमकं त्याच रात्री दुखू शकतं. यादीत नायट्रेट सापडलं तर हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. ते बदलता येईल का हे तेच ठरवतील. परस्पर बंद करू नका.

## टप्पा ३: एकच औषध दोनदा तर नाही?

प्रोस्टेटसाठी टाडालाफिल ५ मिग्रॅ रोज दिली जाते, कधी टॅमसुलोसिनबरोबर एकाच गोळीत. फुप्फुसाच्या रक्तदाबासाठी सिल्डेनाफिल २० मिग्रॅ दिवसातून तीनदा असते. असं काही चालू असेल तर वरून आणखी एक घेणं म्हणजे डोस वाढवणं झालं.

दुकानात "डबल ॲक्शन" म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत सिल्डेनाफिलसोबत शीघ्रपतनावरचं डॅपोक्सेटिन असतं. किडनी खूप खराब असताना डॅपोक्सेटिन देत नाहीत, शिवाय त्यानेही उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. जोडगोळी टाळा.

आणि ती "शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही" अशी भिंतीवर जाहिरात असलेली कॅप्सूल? अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं प्रयोगशाळांत वारंवार सापडलेलं आहे. अर्ध्या तासात गुण आला तर तो मुळीचा समजू नका. भस्मांत शिसं किंवा पारा असला तर उरलीसुरली किडनीही जाते. मी विकत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

## टप्पा ४: किडनीचा खरा आकडा काढा

"क्रिएटिनिन १.६ आहे, फार नाही" असं लोक सांगतात. नुसत्या क्रिएटिनिनवर भरवसा ठेवू नका. या औषधांच्या डोससाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, पाहतात. पुरुषांसाठी कागदावर करायचा हिशेब असा: १४० मधून वय वजा करा, उत्तराला किलोमधल्या वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन या आकड्याने भागा.

वय ७०, वजन ५० किलो, क्रिएटिनिन १.६. म्हणजे ७० गुणिले ५० बरोबर ३५००, भागिले ११५.२. उत्तर सुमारे ३०.

वय ५८, वजन ६० किलो, क्रिएटिनिन २.२. म्हणजे ८२ गुणिले ६० बरोबर ४९२०, भागिले १५८.४. उत्तर सुमारे ३१.

रिपोर्टवर १.६ आणि २.२ यांत केवढं अंतर दिसतं, पण दोघेही एकाच उंबरठ्यावर उभे आहेत. ३० हा इथला महत्त्वाचा आकडा. त्याखाली सिल्डेनाफिलचं रक्तातलं एकूण प्रमाण साधारण दुप्पट होतं आणि २४ तासांनंतरही ते निरोगी माणसापेक्षा बरंच जास्त सापडतं.

तपासा: रिपोर्ट तीन महिन्यांपेक्षा जुना असेल तर नवा काढा. डायलिसिस चालू असेल तर हा हिशेब करत बसू नका. तुम्ही ३० च्या खालचेच धरले जाता.

## टप्पा ५: बीपी उभं राहूनही मोजा

घरच्या यंत्रावर आधी पाच मिनिटं बसून बीपी घ्या. मग उभे राहा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. जुन्या मधुमेहात नसा बधिर झालेल्या असतात, तिथे हे फार दिसतं. असं तीन-चार दिवस करा. डायलिसिस असेल तर त्यातला एक दिवस डायलिसिसनंतरचा घ्या.

बसून बीपी ९०/५० च्या खाली किंवा १७०/१०० च्या वर राहत असेल, सहा महिन्यांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, दोन जिने चढताना छाती भरून येत असेल, तर आधी हृदयाची तपासणी, गोळीचं नंतर.

आता यादीतल्या बीपीच्या गोळ्यांवर खूण करा. ॲम्लोडिपिनसोबत सिल्डेनाफिल १०० मिग्रॅ दिल्यावर बीपी सरासरी आणखी ८/७ ने उतरल्याची नोंद आहे. एवढं बहुतेकांना झेपतं. खरी काळजी प्राझोसिन, डॉक्साझोसिन, टेराझोसिन, टॅमसुलोसिन, सिलोडोसिन या गटाची. किडनीच्या रुग्णांत बीपी हट्टी असतं म्हणून प्राझोसिन सर्रास दिलं जातं आणि तेही रात्री झोपताना. म्हणजे बरोबर ज्या वेळी ती दुसरी गोळी घेतली जाते. त्यात डायलिसिसच्या दिवशी सकाळच्या बीपीच्या गोळ्या टाळून त्या रात्री घ्यायची सवय अनेकांना असते. तीन बीपीच्या गोळ्या, प्राझोसिन आणि वर सिल्डेनाफिल, सगळं नऊच्या सुमाराला. मग रात्री बाथरूमला उठल्यावर माणूस दारातच कोसळतो.

या गटातलं औषध स्थिर डोसवर बसलेलं असेल तरच डॉक्टर नवी गोळी सुरू करतात, तीही सगळ्यात कमी डोसने आणि दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवून. प्राझोसिन मागच्या आठवड्यात सुरू झालं असेल तर थांबा.

## टप्पा ६: पातळी वर-खाली करणारी औषधं

या गोळ्या मुख्यतः यकृतात मोडतात. ती वाट अडवणारी औषधं चालू असली की २५ मिग्रॅची गोळी कितीतरी मोठ्या डोससारखी वागते.

गजकर्णासाठी महिनाभर चालणारं इट्राकोनॅझोल हे आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं उदाहरण. लोक त्याला "खाजेची गोळी" म्हणतात आणि यादीत धरत नाहीत. कीटोकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, डिल्टिआझेम, व्हेरापामिल, एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाव्हिर हीही त्याच यादीत. ॲझिथ्रोमायसिनचा मात्र हा त्रास नाही. पाच-सात दिवसांचा कोर्स असेल तर सरळ उपाय म्हणजे तो संपून काही दिवस जाईपर्यंत थांबणं.

किडनी बदललेल्यांनी इथे दोनदा वाचावं. बदललेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून दिलं जाणारं टॅक्रोलिमस महाग, म्हणून त्याचा डोस कमी लागावा यासाठी आपल्याकडे डिल्टिआझेम किंवा कीटोकोनॅझोल मुद्दाम सोबत देतात. ते टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं, तशीच ताठरतेच्या गोळीचीही. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसही त्याच वाटेने मोडतात. म्हणून नवी गोळी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि तिच्यासाठी टॅक्रोलिमसची वेळ एक तासही पुढे-मागे करू नका.

उलटा प्रकार रिफाम्पिसिनचा. डायलिसिसवर टीबी होणारे कमी नाहीत, आणि टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन या गोळ्या इतक्या झपाट्याने मोडतं की त्यांचा परिणामच जाणवत नाही. "गुण नाही" म्हणून माणूस २५ वरून १०० वर जातो. सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपतो, दोनेक आठवड्यांत यकृत पूर्ववत होतं, पण गोळी १०० चीच चालू राहते. फिटसाठीचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनही असंच वागतं.

## टप्पा ७: तक्रार पिशवीतूनच आलेली नाही ना?

हा टप्पा छोटा, पण कधी कधी गोळीची गरजच संपवतो. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असतं. ते प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढवतं आणि त्याने इच्छा आणि ताठरता दोन्ही मंदावतात. पाच वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली ती कॅप्सूल आजही रिकाम्या पोटी चालू असते. स्पायरोनोलॅक्टोन, क्लोनिडिन, जुने बीटा ब्लॉकर, ड्युटास्टेराइड, नैराश्याच्या काही गोळ्या यांच्यासमोरही प्रश्नचिन्ह लिहा. हिमोग्लोबिन, सकाळचं टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

सावधान: प्रश्नचिन्ह म्हणजे विचारायचं, बंद करायचं नाही. क्लोनिडिन अचानक सोडलं तर बीपी उसळतं.

## टप्पा ८: डॉक्टरांसमोर काय बोलायचं

आधी किडनीच्या डॉक्टरांकडे. खोलीत चार माणसं असतात, सिस्टर ओळखीच्या असतात, तोंड उघडत नाही. मग यादीच्या वर एक वाक्य लिहून कागद पुढे करा: "ताठरता येत नाही. गोळी घ्यायची आहे. सोबत सगळ्या औषधांची यादी, क्लिअरन्स आणि बीपीच्या नोंदी." पुढचं ते विचारतील.

तुम्हाला अंदाज असावा म्हणून प्रचलित मर्यादा सांगतो. सिल्डेनाफिल: क्लिअरन्स ३० च्या खाली किंवा डायलिसिस असेल तर सुरुवात २५ मिग्रॅने. टाडालाफिल: ३० ते ५० दरम्यान सुरुवात ५ मिग्रॅने, कमाल १० मिग्रॅ आणि तेही ४८ तासांत एकदा, ३० च्या खाली किंवा डायलिसिसवर कमाल ५ मिग्रॅ, ७२ तासांत एकदा, आणि रोजची टाडालाफिल नाही. व्हार्डेनाफिल डायलिसिसवर नाही. अवानाफिल ३० च्या खाली नाही.

आता "शंभरची द्या" म्हणजे काय ते कळलं असेल.

## टप्पा ९: दिवस निवडा

"डायलिसिसमध्ये औषध धुऊन निघेल" हा मोठा गैरसमज आहे. या गोळ्या रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेल्या असतात, यंत्रातून गाळल्या जात नाहीत. उलट पाणी काढताना बीपी आधीच उतरत असतं, त्यात गोळीचा अंश असला की ते आणखी उतरतं. बीपी फार वेळ खाली राहिलं तर फिस्टुलात गुठळी होऊन तो बंद पडू शकतो. एका रात्रीसाठी फिस्टुला गमावणं परवडणारं नाही.

सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळचं डायलिसिस असेल तर शनिवारची रात्र सगळ्यात बरी. आदल्या दिवशीच्या डायलिसिसचा थकवा उतरलेला असतो आणि रविवार मोकळा असतो. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी नको, दुसऱ्या दिवशी पहाटेची शिफ्ट असेल त्या रात्रीही नको. टाडालाफिल मुळातच लांब टिकते. निरोगी माणसातही ती निम्मी व्हायला साडेसतरा तास लागतात, म्हणून डायलिसिसवाल्यांना मला सिल्डेनाफिलच सोयीची वाटते. तरी आदल्या दिवशी गोळी झालीच असेल तर सुई लावण्याआधी सांगा: "सिस्टर, काल बीपी उतरवणारी एक गोळी घेतली आहे, डॉक्टरांना नाव सांगतो." एवढं पुरतं. डायलिसिसमध्ये बीपी पडतं म्हणून मिडोड्रिन घेत असाल तर हा प्रश्न मुळापासूनच डॉक्टरांशी बोला.

## टप्पा १०: पहिली रात्र

जेवण हलकं असू द्या. तळकट, भरपेट जेवणानंतर सिल्डेनाफिल तासभर उशिरा चढते, आणि "लागू पडली नाही" म्हणून दुसरी गोळी घेतली जाते. ती घ्यायची नाही. २४ तासांत एकच. दारू नको. संबंधाच्या साधारण तासभर आधी घ्या, आणि नुसती गोळी घेऊन वाट पाहू नका. इच्छा आणि स्पर्श लागतोच. एका रात्रीवरून निकाल लावू नका. कमी डोसवर चार-सहा वेळा प्रयत्न झाल्यावरच डॉक्टरांशी पुढचं बोला.

उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा. डोकं दुखणं, चेहरा तापणं, नाक चोंदणं, थोडं निळसर दिसणं हे उतरतं. गरगरलं तर आडवे व्हा, पायांखाली दोन उशा घ्या. घाबरून तांब्याभर पाणी ढोसू नका, तुमचं पाणी मोजूनच आहे. दहा मिनिटांत बरं वाटलं नाही, शुद्ध हरपली, चार तासांहून जास्त ताठरता राहिली, एका डोळ्याने दिसेनासं झालं किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर लगेच रुग्णालय गाठा.

छातीत दुखलं तर थांबा, बसा, १०८ लावा. शेजारी, मेव्हणा, कोपऱ्यावरचे डॉक्टर, सगळ्यांच्या खिशात सॉर्बिट्रेट असते आणि सगळे ती मायेने जिभेखाली ठेवायला धावतात. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास ती द्यायची नसते. किडनी खराब असेल तर त्याहूनही जास्त वेळ जपावं लागतं. त्या क्षणी तुम्हाला बोलता येईलच असं नाही, म्हणून बायकोला आधीच सांगून ठेवा. आणि पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, एक चिठ्ठी ठेवा. गोळी घ्याल तेव्हा तारीख आणि वेळ भरायची:

"मी किडनीचा रुग्ण आहे. सिल्डेनाफिल २५ मिग्रॅ घेतली, तारीख ____, वेळ ____. सॉर्बिट्रेट किंवा कोणतंही नायट्रेट देऊ नये. फिस्टुला डाव्या हाताला, त्या हातावर बीपी मोजू नये."